पोराला 'शिकारीले' न्यायचं आहे, पण मारायचं काही नाही. कसं जमवावं?

बोडीवाला

राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपट आहे, पण घरात कोणी धड उत्तर देऊन नाही राहिलं, म्हणून इथे टाकतो.

आमचं गाव साकोली तालुक्यात, जिल्हा भंडारा. अडीच एकर धानाच्या बांध्या, कोपऱ्यात एक बोडी, म्हणजे लहान तळं, बोडीच्या पाळीवर चार मोहाची झाडं आणि त्यापलीकडे झुडपी जंगल. माझा साळा अमेरिकेत मिसुरी राज्यात असतो. त्याचा पोरगा अन् माझा पोरगा सारख्याच वयाचे, बारा वर्षांचे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या पोराने आपलं सगळं सामान मांडून दाखवलं. पालापाचोळ्याच्या छापाचे कपडे, तोंडावर ओढायची जाळी आणि एक लाकडी डबी. डबीचं झाकण कडेवर घासलं की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. येत्या शनिवारी तो बापासोबत पहिल्यांदा टर्की मारायला चालला. पहाटे चारला उठायचं, अंधारात झाडाला पाठ टेकून बसायचं, हूं का चूं करायचं नाही.

फोन ठेवल्यावर आमचं पोरगं गप्प. रात्री जेवताना म्हणते, "बाबा, आपण कधी जाऊन राहिलो?"

"कुठं?"

"शिकारीले."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की भातात मीठ मीच जास्त टाकलं. कारण पोराला आबाजीच्या गोष्टी मीच सांगितल्या आहेत. माझ्या बाबाजवळ भरमार बंदूक होती. तितर, ससा, कधी लावा पक्षी. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली, तिचा लोखंडी गज तेवढा घरात उरला. आई त्याने चुलीतले निखारे ओढते. मला बाबाने एकदाच सोबत नेलं होतं, ८७-८८ साल असेल, मी नऊ वर्षांचा होतो. ऐन वेळी मला खोकला आला. तितर उडालं. पुन्हा कधी नेलं नाही.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कायद्यात बसेल असं काय करता येईल? गुलेल, फासा, यातलं काही चालतं का? दोन, जे काही करू ते पोराला खोटं वाटू नये. सफारी सांगू नका. मागच्या वर्षी पैसे भरून जिप्सीत बसवून आणलं, पोरगं अर्ध्या वाटेत झोपलं. वाघ दिसला तेव्हा उठवावं लागलं.

खाराकुटा

एवढं काय त्यात भाऊ. एअरगन घेऊन दे. लायसनची कटकट नाही. पाखरं तर पाखरं.

निवृत्त बीटगार्ड

वरच्या भाऊंनी जे लिहिलं ते करू नका. वनखात्यात बत्तीस वर्षं खाकी घातली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हत्यार कोणतं हे कायदा विचारत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फार लांबरुंद आहे. मारणं आलं, पकडणं आलं, फासा लावणं, हाकारा घालणं, आमिष टाकणं आलं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारीतच धरला जातो. पक्ष्यांचं घरटं वा अंडी छेडली तरी तेच कलम. गुलेल घ्या, एअरगन घ्या की नायलॉनचा फासा घ्या, तितर मेलं काय नि वाचलं काय, गुन्हा तो गुन्हाच.

लोक समजतात ७२ साली शिकार एका झटक्यात बंद झाली. तसं नाही. काही जनावरांसाठी परवान्याची सोय कायद्यात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने उठली. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची, म्हणजे कायद्यातल्या याद्या, सहाच्या चार झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू आहेत. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे कमीत कमी तीन वर्षं आत. शेतात नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीचा मार्ग कायद्यात आहे, पण तो पोराला हौस म्हणून दाखवायचा मार्ग नाही. तुमच्या बाबाजवळ परवाना होता का, ते मी विचारत नाही.

आता तुमच्या कामाचं. मला स्वतःला शिकाऱ्यांनीच जंगल शिकवलं. नोकरीत लागलो तेव्हा म्हातारे लोक होते, त्यांना बंदुकीपेक्षा जास्त कळायचं ते म्हणजे कोण कुठे झोपतो. तितर, म्हणजे आपलं साधं राखी तितर, दिवसभर जमिनीवर पळतं म्हणून लोकांना वाटतं ते जमिनीवरच झोपतं. नाही. संध्याकाळी ते काटेरी झाडावर चढतं. बाभूळ, बोर, असलं काहीतरी बुटकं झाड. तुम्ही दिवे लागायच्या आधी बांधावर जाऊन बसा. कोणत्या झाडावर चढलं ते पोराला शोधू द्या. ते झाड सापडलं की अर्धी शिकार झाली. सकाळी ते उतरून कोणत्या बांधीत जाणार, याचा अंदाज पोराने बांधायचा. तितर पोराने ठरवलेल्या जागी, वीस पावलांच्या आत आलं, तर त्याने जिंकली. नाही आलं तर तितराने.

दाणे टाकून बोलवायचं नाही. मोबाईलवर आवाज लावून तर मुळीच नाही, हे दिवस त्यांच्या जोड्यांचे आहेत.

आणि तीन गोष्टी नीट वाचा, कारण सध्या मोहाचा हंगाम आहे.

पहाटे पाळीवरच्या मोहाखाली बसू नका. मोहफुलावर अस्वल येतं. आणि वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, जनावर दिसतं. आपल्याकडे मोहफुलं अन् तेंदूपत्त्याच्या दिवसांत जे घात होतात त्यातले किती तरी असे वाकलेल्या माणसांवर. तुमच्या बांधीत जागलीचं मचाण असेलच. तिथून बसा. जाताना टॉर्च, काठी, तोंडाने बोलत जायचं. गप्प बसणं मचाणावर चढल्यावर.

दुसरं, तार. शेजारच्या बांधीत कोणी डुकरासाठी तार लावली आहे का, ते आदल्या दिवशी उजेडात फिरून बघा. सोलर कुंपणाचा झटका बसला तर माणूस मागे फेकला जातो, जिवंत राहतो. थेट लाइनवर आकडा टाकून सोडलेल्या तारेचं तसं नाही. मी अशा तारेजवळून वाघही उचलला आहे आणि माणूसही. लाजू नका, शेजाऱ्याला तोंडावर विचारा.

तिसरं, पायात गमबूट. बस.

टर्कीवाली, आर्वी

माझ्याकडे या, शिकार फुकट. अकरा टर्क्या पाळल्या आहेत. मोठा नर पोराचीच शिकार करेल.

खरं सांगते, हा पक्षी वेडा आहे. घरात कुकरची शिट्टी झाली की अंगणात नर ओरडलाच. ट्रॅक्टरचा हॉर्न, पत्र्यावर पडलेला आंबा, माझ्या सासूची शिंक, सगळ्याला उत्तर. राग आला की डोक्याचा रंग पाहता पाहता लाल-निळा-पांढरा होतो आणि चोचीवरचं ते लोंबतं मांस लांब होतं. मादी अंड्यांवर अठ्ठावीस दिवस बसते, तेव्हा मात्र तिच्याएवढं शहाणं कोणी नाही. त्यांना तिकडे अंधारात झाडाला टेकून का बसावं लागतं, हेच मला कळत नाही. माझा नर तर हाक मारायच्या आधी हजर.

पुसदकर

ताई, तुमचा नर दाणे खाऊन बिघडला आहे. रानटी टर्की अगदी उलट.

मी मूळ पुसदचा, चौदा वर्षं मिसुरीत आहे. गेल्या वर्षी मुलीला घेऊन पहिल्यांदा गेलो, म्हणून बोडीवाला भाऊंना तिकडचं खरं चित्र सांगतो. पोराला वाचून दाखवा.

आधी कागद. वसंतातला मोठ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी पोरांसाठी शनिवार-रविवार वेगळा राखलेला असतो, सहा ते पंधरा वयाच्या. त्या दोन दिवसांत बापाने फक्त सोबत बसायचं. नेम पोराचा, बापाने बंदूक चालवायची नाही. नर किंवा छातीवर केसांची दाढी असलेला पक्षीच मारता येतो, एकच, आणि त्याच दिवशी त्याची सरकारी नोंद करायची. मी सोबत बसणार म्हणून मला आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग करावा लागला. वर्गात माझ्या बाजूला चौदा वर्षांचं पोरगं होतं, त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क.

आदल्या संध्याकाळी आम्ही तेच केलं जे बीटगार्ड काकांनी सांगितलं. टर्कीसुद्धा झाडावर झोपते. अंधार पडताना घुबडासारखा आवाज काढायचा, नर चिडून ओरडतो आणि त्याचं झाड कळतं. हे वाचताना अंगावर काटाच आला. कुठे मिसुरी, कुठे साकोली.

सकाळी खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं झाड बघून त्याला पाठ लावून बसायचं. पाठीमागून दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून झाडलं तर झाड आड येतं, म्हणून. लाल, निळं, पांढरं काहीच घालायचं नाही, रुमालसुद्धा नाही, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच. काकांनी वाघाचं लिहिलं ना, माणूस जनावरासारखं दिसू नये. इकडे भीती माणसाचीच. आवाज आला म्हणून त्याच्या मागे सरपटत जायचं नाही, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या डबीचा असू शकतो.

टर्कीला वास फारसा येत नाही, पण नजर भयंकर. रंग दिसतात, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, मान जराशी फिरवली की चारही दिशा. पापणी लवली तरी गेलाच. आणि गंमत अशी की खरं तर नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण डबी घासून नराला उलटं चालायला सांगतो. म्हणून तो साठ-सत्तर पावलांवर येऊन थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघतो. बंदुकीचा पल्ला पस्तीस-चाळीस पावलांचा. तिथेच सगळे हरतात.

आमच्याकडे आलेला पंचेचाळीस मिनिटं तिथेच नाचला. मुलीचे पाय बधिर झाले. तिने वीस बोअरची बंदूक गुडघ्यावर टेकून धरली होती, ती थरथरायला लागली. मग तो वळला आणि गेला. ती रडली नाही, मीच हळहळलो. त्या रात्री तिनेच विचारलं, उद्या किती वाजता?

अजून एक. माझ्या घरी माळकरी आजी होती, तिला हे पटलं नसतं, आणि मलाही सगळं पटतं असं नाही. पण एवढं खरं की १९३० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत रानटी टर्की दोन-अडीच लाखांवर आल्या होत्या. १९३७ मध्ये बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला. उरलेल्या टर्क्या जाळी उडवून जिवंत पकडल्या आणि जिथे संपल्या होत्या तिथे नेऊन सोडल्या. मिसुरीत पुन्हा पहिला हंगाम उघडला तो १९६० साली. आज पूर्ण देशात लाखोंनी आहेत. आपल्याकडचं गणित वेगळं, माणसं जास्त, रान कमी. इकडचं तिकडे लावू नका.

निवृत्त बीटगार्ड

पुसदकर, डबीने बोलावणं हे आमचे म्हातारे हाताच्या मुठीत फुंकून करायचे. तितराला तितराचाच आवाज. माझ्यासमोर एकाने केलं तेव्हा तितर त्याच्या पायापर्यंत आलं आणि मी नुकताच ड्यूटीवर लागलेलो, पावती पुस्तक खिशात. ती गोष्ट पुन्हा कधी.

खाराकुटा

बरं बाबा, एअरगन कॅन्सल.

बोडीवाला

नऊ दिवसांनी लिहितो. सगळ्यांचे उपकार.

तारेचं आधी. काकांनी लिहिलं म्हणून दुपारी पोराला घेऊन चारही बांध फिरलो. एका ठिकाणी खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, तार गुंडाळून ठेवलेली. रात्री लावत असणार. कोणाची ते लिहीत नाही. घरी जाऊन बोललो, आवाज चढला, पण तार निघाली. पोरगं माझ्या मागे उभं राहून ऐकून राहिलं होतं.

झाड शोधायला तीन संध्याकाळी लागल्या. दोन दिवस आम्ही चुकीच्या बाभळीकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी पोरानेच माझी बाही ओढली. बोडीच्या सांडव्याजवळ बोरीचं झुडूप आहे, माझ्या छातीएवढं. दोन तितरं पळत आली, खाली थांबली, मान वर करून इकडे-तिकडे बघितलं आणि फडफड करून आत. वीस वर्षं त्या बोरीजवळून पंप चालू करायला जाऊन राहिलो, मला माहीत नाही.

पहिली सकाळ फुकट गेली. पावणेपाचला मचाणावर. पुसदकरांचं वाचून पोराने माझा पांढरा दुपट्टा घरीच काढायला लावला, म्हटलं इथे कोणी बंदूकवाला नाही रे, तर म्हणते, "नियम म्हणजे नियम." आईचं जुनं घोंगडं दोघांवर. अंधारात पहिला कोतवाल पक्षी बोलला. मग लांब जंगलात मोर. मग कुठून तरी टिटवी आली आणि मचाणाभोवती अशी बोंबलत फिरली की सगळ्या शिवाराला कळलं, वर दोघं बसले आहेत. बोरीतून काही उतरलंच नाही. निदान आम्हाला दिसलं नाही.

दुसऱ्या सकाळी टिटवी आली नाही. पोराने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उतरून ते उन्हाळी धानात जाणार नाही, तिथे पाणी आहे. ते पलीकडच्या पडीक बांधीत जाणार, जिथे मागच्या हंगामाचा तणीस पडला आहे. त्याने मचाणाखालून पावलं मोजून खूण म्हणून एक ढेकूळ ठेवलं होतं. वीस पावलं.

उजाडायला लागलं. बोरीत आवाज सुरू झाला, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, एकावर एक. तो आवाज लहानपणापासून ऐकतो, पण इतक्या जवळून अंगात घुसतो. मग एक उतरलं. बांधावरून चालत आलं, थांबलं, पायाने तणीस उकरला. गळ्याखाली काळी रेघ, पाय लालसर, हे सगळं मला दिसून राहिलं होतं. मागून दुसरं. ढेकळाच्या अलीकडे आले. पोराने श्वास घेणं बंद केलं होतं की काय, देव जाणे. त्याचा कान माझ्या खांद्याला लागला होता, गरम.

आता माझी गोष्ट. विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, सकाळी उठल्यावर पहिला हात कुठे जातो. माझा हात खिशात गेला. मला कळलंसुद्धा नाही. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी.

तुम्ही कधी पहाटे पाच पन्नासला, वारा नसताना, खर्र्याची पन्नी वाजलेली ऐकली आहे? मी सांगतो, ती जिल्ह्यात ऐकू जाते.

तितरं उडाली नाहीत, पळाली. दोन राखी रेघा धानाच्या बांधावरून सरळ गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. पोराने माझ्याकडे पाहिलं नाही. मचाणावरून उतरलं, जाऊन ढेकूळ उचललं आणि बोडीत फेकलं. घरापर्यंत एक शब्द नाही.

आई चुलीपाशी होती. पोराने तिच्याजवळ जाऊन तक्रार टाकली, "आजी, बाबानं पन्नी वाजवली." आईने निखारे ओढता ओढता गज थांबवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् तू खोकलला होता." पुढे काही बोलली नाही, पण पाठ हलत होती तिची. हसत होती.

साळ्याचा फोन आला. ते दोन दिवस बसले, आवाज ऐकला, पक्षी आला नाही. दोन्ही पोरांचं फोनवर भांडण लागलं की जास्त जवळ कोण गेलं. आमचं म्हणते, सतरा पावलं. तिकडचं म्हणते, मोजायला टेप होता का?

उद्या पुन्हा जायचं म्हणतो. मला सोबत नेणार की नाही, ते रात्री जेवताना सांगणार आहे.